पर्वणी, पाप आणि पाणी

नाशिकच्या रामकुंडात अस्थी विरघळतात, असं म्हणतात. कुंडातल्या त्या ठिकाणाला अस्थिविलय तीर्थ असंच नाव आहे. फडक्यात किंवा मडक्यात बांधून आणलेल्या अस्थी घेऊन माणसं पायऱ्या उतरतात, गुरुजी नाव-गोत्र विचारून संकल्प सांगतात आणि दोन मिनिटांत सगळं पाण्याखाली गेलेलं असतं. पुढे त्या हाडांचं काय होतं, हे तेव्हा कुणी विचारत नाही. ती विचारायची वेळही नसते. पुस्तकात मात्र विचारायला हरकत नाही.

हाडाचा टणक भाग कॅल्शियम फॉस्फेटचा असतो. नदीच्या साध्या पाण्यात तो विरघळायचा म्हटला तर माणसाचं आयुष्य पुरणार नाही. गोदावरीला मिळणाऱ्या प्रवरेच्या काठी, नेवासे आणि दायमाबाद इथल्या उत्खननांत, मडक्यांत पुरलेल्या लहान मुलांची हाडं निघाली. तीन हजार वर्षं ती मातीत टिकून होती. म्हणजे याच खोऱ्यातली माती आणि ओल हाडं सहजी संपवत नाही. चितेतल्या हाडांची गोष्ट वेगळी. आगीत हाडातला चिवट सेंद्रिय भाग जळून जातो आणि उरतं ते खडूसारखं ठिसूळ, बोटांत चुरडलं तरी भुगा होणारं. पाण्यात त्याचे कण सुटतात, धारेबरोबर पुढे जातात, गाळात मिसळतात. काठावरून बघणाऱ्याला काहीच उरलेलं दिसत नाही. ‘अस्थी विरघळल्या’ हे डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीचं वर्णन म्हणून ठीक आहे, कारणमीमांसा म्हणून नाही. रामकुंडात घडतं ते कुठल्याही वाहत्या नदीत घडेल.

हे कळल्यावर आईच्या अस्थी गोदावरीत सोडायला आलेल्या मुलाचं काही बिघडतं का? मला तसं वाटत नाही. त्याला रसायनशास्त्राचा निकाल नको असतो, निरोप द्यायची एक रीत हवी असते. घोटाळा होतो तो रीत आणि निकाल यांची गाठ मारली की. ‘पाण्यात चमत्कार आहे म्हणून ही रीत खरी’ असं एकदा ठरवलं की चमत्कार उघडा पडताच रीतही लटकी ठरते. मग ती वाचवण्यासाठी डोळे मिटून घेण्याची सवय लागते. हिंदू स्नानपरंपरेची तपासणी करायची तर या गाठीपासूनच सुरुवात करावी लागेल.

आपल्याकडे या विषयावर दोन ठरलेले आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, आपल्या प्रत्येक रूढीमागे विज्ञान आहे. दुसरा म्हणतो, सगळं थोतांड. दोघांनाही मूळ ग्रंथ उघडून बघायची गरज वाटत नाही, आणि तिथंच गंमत आहे, कारण ग्रंथ या दोघांपेक्षा बरेच व्यवहारी निघतात. धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास लिहिणारे भारतरत्न पां. वा. काणे यांनी स्नानाचे जे प्रकार नोंदवले आहेत ते वाचावेत. रोजचं ते नित्य. सुतक किंवा ग्रहण यांसारख्या निमित्ताने केलेलं नैमित्तिक. पुण्याच्या इच्छेने केलेलं काम्य. एखाद्या विधीचं अंग म्हणून केलेलं क्रियांग. तीर्थात उतरणं हेच ज्यात मुख्य, ते क्रियास्नान. आणि अंगाला तेल लावून, चोळून मळ काढण्यासाठी केलेलं मलापकर्षण स्नान. म्हणजे अंग स्वच्छ करणं ही वेगळी गोष्ट आणि विधी ही वेगळी, हे शास्त्रकारांना पक्कं ठाऊक होतं. ‘ऋषींनी आरोग्यासाठीच तीर्थस्नान सांगितलं’ असं म्हणणाऱ्याला स्वतः ऋषीच दुजोरा देत नाहीत.

सवलतीही भरपूर होत्या. आजारी, म्हाताऱ्या, पाण्याला मुकलेल्या माणसासाठी गौण स्नानं सांगितली आहेत: मंत्र म्हणत अंगावर पाण्याचे थेंब शिंपडणं, अंगाला भस्म किंवा माती लावणं, गाईंच्या खुरांनी उडालेली धूळ अंगावर घेणं, ऊन असताना पडणाऱ्या पावसात उभं राहणं, आणि शेवटी नुसतं मनात ईश्वराचं स्मरण करणं. ओल्या फडक्याने अंग पुसून घेतलं तरी चालतं. ज्या परंपरेत मानसस्नान मान्य आहे, तिथं थंडीतापाने फणफणलेल्या माणसाला पहाटे चार वाजता नदीत उतरवण्याचा आग्रह शास्त्राचा नसतो, नातेवाइकांचा असतो.

पाण्याविषयीचे नियम तर आजच्या नगरपालिकांनी फ्रेम करून लावावेत असे आहेत. मनुस्मृती पाण्यात थुंकायला, मलमूत्र टाकायला मनाई करते. दुसऱ्याने बांधलेल्या तळ्यात आंघोळ करायची असेल तर आधी तळातून चिखलाचे पाच गोळे बाहेर काढा, असं याज्ञवल्क्यस्मृती सांगते. परक्या पाण्याचा उपभोग घेण्यापूर्वी त्याचा थोडा गाळ उपसा, असा हा व्यवहार. हेतू काहीही सांगितलेला असो, शंभर माणसांनी हा नियम पाळला तर पाचशे गोळे गाळ निघतो. हा नियम कुणाच्या घरी आजीने सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही.

घरी उतरलं ते दुसरंच. सोवळं-ओवळं उतरलं, ओलेत्याने स्वयंपाक करणं उतरलं, आणि बाईचा विटाळ उतरला. इथं विधी आणि स्वच्छता यांची फारकत किती क्रूर होऊ शकते ते दिसतं. पाळीच्या दिवसांत बाईला आंघोळीची गरज एरवीपेक्षा जास्त. रूढी मात्र तिला तीन दिवस बाहेर बसवून चौथ्या दिवशी ‘नहायला’ सांगते. शुद्धीच्या नावाखाली अस्वच्छता लादणारी याहून स्पष्ट तरतूद शोधून सापडणार नाही. तिच्यामागे विज्ञान दाखवणारे ‘विश्रांती मिळावी म्हणून’ असं सांगतात. विश्रांतीच द्यायची होती तर गोठ्याजवळच्या अंधाऱ्या खोलीत, वेगळ्या ताटलीची आणि न शिवण्याची अट कशाला?

दिवाळीच्या अभ्यंगाचं मात्र मला कौतुक आहे. हवा कोरडी व्हायला लागते त्या सुमारास तेल चोळायचं, नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळदीचं उटणं लावायचं, कढत पाण्याने न्हायचं. पायाखाली कारीट फोडून नरकासुर मारल्याचं समाधानही मिळतं. कुणाला त्रास नाही, कुणी बाहेर नाही. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

स्नानाने पाप जातं का, हा खरा मोठा दावा. त्याच्यावर पहिला हल्ला कुणी युरोपियन पंडिताने केला असं समजायचं कारण नाही. बौद्धांच्या थेरीगाथेत पुण्णिका नावाची थेरी आहे. ती पूर्वाश्रमीची दासी. कडाक्याच्या थंडीत पाणी भरायला नदीवर जाणारी. नदीत कुडकुडत बुडी मारणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते की हे कशासाठी. पाप धुण्यासाठी, तो म्हणतो. मग बेडूक, कासवं, साप, मगरी सगळी थेट स्वर्गात जात असतील, ती म्हणते. खाटीक आणि चोरही बुडी मारून मोकळे होत असतील. आणि नदी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही नेईलच की! हा शेवटचा मुद्दा बिनतोड आहे. पाण्याला पाप तेवढं निवडून घेता येतं, हे कुणी सिद्ध करायचं?

हा विरोधकांचा तर्क म्हणून बाजूला ठेवता आला असता. पण स्कंदपुराणाच्या काशीखंडात, म्हणजे काशीचं माहात्म्य गाणाऱ्या ग्रंथातच, जवळपास हाच मुद्दा येतो. जलचर पाण्यातच जन्मतात, पाण्यातच मरतात, म्हणून काही ते स्वर्गाला जात नाहीत. सत्य, क्षमा, दया, इंद्रियनिग्रह हीच खरी तीर्थं, असं तिथं सांगितलं आहे. आपल्याकडे एकनाथांची गोष्ट सर्वांना पाठ आहे: रामेश्वराला वाहायची गंगेची कावड वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. ती आख्यायिका म्हणून घ्या, पण ती पिढ्यानपिढ्या सांगितली गेली याचा अर्थ ऐकणाऱ्यांना निवाडा मान्य होता. विवेक आपल्या परंपरेला बाहेरून शिकवावा लागला नाही. तो घरातच होता, फक्त त्याला कीर्तनात बसवलं आणि घाटावर येऊ दिलं नाही.

न्यायाने वागायचं तर परंपरेच्या बाजूचा पुरावाही मांडला पाहिजे. 1896 मध्ये आग्र्याला काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिन या इंग्रज जंतुशास्त्रज्ञाने पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात लिहिलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात, आणि पाणी उकळलं की तो गुण जातो. पुढे 1917 मध्ये फेलिक्स देरेल याने जिवाणूंना गिळणाऱ्या विषाणूंना ‘बॅक्टेरिओफाज’ हे नाव दिलं आणि हँकिनने पाहिलं ते बहुधा त्यांचंच काम होतं, असं मानलं जाऊ लागलं. गंगामाहात्म्याच्या बाजूने हा पुरावा हटकून दिला जातो. दोन गोष्टी मात्र सांगायच्या राहतात. पहिली, असे विषाणू ठरावीक जिवाणूंनाच मारतात, सरसकट सगळी घाण साफ करत नाहीत. आणि जिथं सांडपाणी असतं, जिवाणू मुबलक असतात, तिथंच ते फोफावतात. दुसरी गोष्ट इतिहासाची. याच गंगेच्या काठी, हरिद्वारला, 1867 आणि 1891 च्या कुंभमेळ्यांत कॉलरा पसरला आणि घरी परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर गावोगाव गेला. रोगाचे जंतू आणि त्यांचे भक्षक एकाच पाण्यात होते, आणि गर्दी झाली की जंतूंची सरशी होत होती.

स्नानाहून परतलेला माणूस ‘बरं वाटलं’ म्हणतो, तेही खोटं नसतं. थंड पाण्यात एकदम शिरलं की श्वास अडकतो, हृदयाची धडधड वाढते, अंगात तरतरी येते. हृदयविकार असलेल्याला हाच धक्का जिवावरही बेततो. त्याहून महत्त्वाचं काम भारतीय आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी प्रयागच्या माघमेळ्यात केलं. महिनाभर वाळूत तंबू ठोकून राहणारे कल्पवासी आणि गावीच राहिलेली त्यांच्यासारखी माणसं यांना त्यांनी मेळ्याआधी आणि नंतर प्रकृतीबद्दल विचारलं. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मेळ्याला गेलेल्यांनी आपली तब्येत सुधारल्याचं सांगितलं. हे त्यांचं स्वतःचं म्हणणं होतं, रक्ततपासणी नव्हे. अभ्यासकांचा रोख पाण्यावर नव्हता, सोबतीवर होता: अनोळखी माणसंही आपलीच आहेत असं वाटत महिना काढल्याचा तो परिणाम. एरवी गावात पारावर एकटा बसणारा म्हातारा तिथं कुणाच्या तरी चुलीवरचा चहा पीत असतो. पाण्याला श्रेय द्यायचं की शेजारच्या तंबूला, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता पर्वणीकडे येऊ, कारण माणसं मरतात ती पाण्याने नाही, मुहूर्ताने.

गुरू सिंह राशीत आला की गोदावरीला सिंहस्थ. तोच गुरू कन्येत गेला की कृष्णेला कन्यागत, मग नरसोबाच्या वाडीला नि वाईला गर्दी. हिशोब बारा वर्षांचा सांगतात, पण गुरूला सूर्याभोवती फिरायला 11.86 वर्षं लागतात. प्रत्येक फेरीला पन्नासेक दिवसांची तूट, आणि सात फेऱ्यांत एक वर्षच निसटतं. म्हणून हरिद्वारचा कुंभ 2010 नंतर 2022 ला न येता 2021 ला आला. मकरसंक्रांतीचं तर त्याहून मोठं गणित चुकलेलं आहे. सूर्य उत्तरेकडे सरकू लागतो 21-22 डिसेंबरला आणि आपण उत्तरायणाचं पुण्य घ्यायला पाण्यात उतरतो 14-15 जानेवारीला. पृथ्वीचा अक्ष सावकाश डुलतो, त्यामुळे दर सुमारे 72 वर्षांनी एक दिवसाचा फरक पडत गेला आणि राशींवर बांधलेलं पंचांग ऋतूपासून सुटलं. मुहूर्ताचा तो एक क्षण म्हणजे माणसांनी मान्य केलेला संकेत आहे. संकेत असायला हरकत नाही. संकेतासाठी जीव देण्याला आहे.

27 ऑगस्ट 2003. नाशिकच्या सिंहस्थात रामकुंडाकडे उतरणाऱ्या जुन्या वस्तीतल्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि 39 भाविक गेले. बारा वर्षांनी, 14 जुलै 2015 ला, याच गोदावरीच्या खालच्या अंगाला राजमहेंद्रीत, पुष्करम या तिथल्या स्नानपर्वाच्या पहिल्याच दिवशी, पंचवीसहून अधिक माणसं तशीच गेली. गुरू तोच, रास तीच. प्रयागला 3 फेब्रुवारी 1954 च्या मौनी अमावास्येला शेकडो बळी गेले आणि 29 जानेवारी 2025 च्या मौनी अमावास्येला पुन्हा चेंगराचेंगरीत माणसं गेली. या सगळ्या ठिकाणी पोलिसांची चूक, अरुंद रस्ता, अफवा अशी कारणं चौकशीत निघतात आणि ती खरीही असतात. पण त्यांच्या मुळाशी एक समजूत असते: सकाळी अमुक वाजता, अमुक घाटावर, साधूंच्या पाठोपाठ बुडी मारली तर जास्त पुण्य. कुठल्याही दोन अभियंत्यांना विचारा, लाखो माणसं एका क्षणी एका जागी यायचीच असतील तर सुरक्षित घाट बांधता येत नाही.

हा क्षण लवचीक आहे, हे धार्मिक मंडळींनीच दाखवलं आहे. 2021 च्या एप्रिलमध्ये करोनाची दुसरी लाट शिगेला जात असताना पंतप्रधानांनी उरलेला कुंभ प्रतीकात्मक करण्याची विनंती केली आणि जुना आखाड्याने आपल्यापुरता मेळा संपवला. उशीर झाला होता, हे खरं. पण कुणाचं पुण्य बुडालं अशी तक्रार ऐकू आली नाही.

आणखी एक परीक्षा आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत कडक. पाण्यात कुणाला उतरू दिलं जातं? 1923 मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई इलाख्यातली सार्वजनिक पाणवठ्याची ठिकाणं अस्पृश्यांना खुली झाली, महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला, आणि तरी 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकरांबरोबर हजारो माणसांनी तिथं ओंजळभर पाणी प्यायल्यावर दंगल झाली. नंतर तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं: 108 घागरी पाणी उपसून, पंचगव्य ओतून, मंत्र म्हणत. तळ्यावर गुरं पाणी पीत होती, इतर धर्मांचे लोक पाणी भरत होते. तेव्हा शुद्धी लागली नव्हती. प्रकरण उच्च न्यायालयात निकाली निघायला 1937 उजाडलं. चवदार तळं काही तीर्थ नव्हतं, ही पळवाट मला मान्य नाही. पाण्याबद्दलची समजूत एकच होती. जे पाणी ब्रह्महत्येचंही पाप धुतं असं माहात्म्यं सांगतात, ते एका माणसाच्या ओंजळीने बाटतं, हे दोन्ही दावे एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. पाण्याच्या पावित्र्याचा हा सिद्धांत पाण्याबद्दल नव्हताच. माणसांच्या उतरंडीबद्दल होता.

मग आज पाणी कसं आहे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने आंघोळीच्या पाण्याचे निकष ठरवले आहेत. शंभर मिलिलिटर पाण्यात विष्ठेतून येणारे कॉलिफॉर्म जिवाणू 500 पर्यंत असावेत, फार तर 2,500. जैविक ऑक्सिजन मागणी लिटरला 3 मिलिग्रॅमच्या आत. विरघळलेला ऑक्सिजन 5 मिलिग्रॅमच्या वर. प्रयागच्या 2025 च्या मेळ्यात काही दिवशी पाणी या निकषांत बसलं नाही, असं याच मंडळाने हरित लवादाला सांगितलं आणि त्यावरून मोठा वाद झाला. नाशिकला वादाचं स्वरूप वेगळं. वर गंगापूर धरण, मध्ये शहराचे नाले. पर्वणीला पाणी हवं तर धरणातून सोडायचं. 2015 च्या दुष्काळात ते सोडावं का, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. पुढच्याच वर्षी, 2016 च्या उन्हाळ्यात, रामकुंड कोरडं पडलं आणि भाविकांसाठी टँकरने पाणी आणून ओतावं लागलं. 2003 च्या मेळ्याच्या तयारीत पात्राच्या तळाला काँक्रीट घातलं, त्यात कुंडांचे जिवंत झरे बुजले, असा नाशिककरांतल्या अनेकांचा आक्षेप आहे. त्याच 2016 च्या 2 ऑगस्टला गोदेला असा पूर आला की पुराचं माप म्हणून नाशिककर ज्याच्याकडे बघतात तो दुतोंड्या मारुती पाण्यात गेला. एप्रिलात टँकर आणि ऑगस्टात महापूर, एकाच कुंडाला.

टँकरचं पाणी कुंडात पडल्यावर ते गोदावरी झालं का, असं त्या दिवसांत अनेकांनी थट्टेने विचारलं. मला ती थट्टा वाटत नाही. नदीला पावित्र्य तिच्या वाहण्यामुळे मिळालं, असं मानायचं असेल तर तिला वाहू देणं हा विधीचाच भाग ठरतो, आणि काँक्रीट हा विधिभंग.

पुढच्या सिंहस्थाचं वेळापत्रक जाहीर झालं आहे. 31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण, 24 जुलै 2028 ला समाप्ती. गुरू मध्ये वक्री होतो म्हणून काळ इतका लांबला. मुख्य अमृतस्नानं मात्र 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, तीनच. जवळजवळ एकवीस महिन्यांचा पर्वकाळ आणि तीन दिवसांत गर्दी. आखाड्यांच्या मिरवणुका त्या तीन दिवशी निघोत. तो त्यांचा मान आहे. सोलापूरच्या शेतकऱ्याने किंवा ठाण्याच्या शिक्षिकेने त्याच दिवशी यावं असं कुठलंही शास्त्र सांगत नाही. सिंहस्थाच्या जाहिरातींत बाकीचे महिनेही तेवढेच पुण्याचे असं गुरुजींच्या तोंडून छापलं, एसटीने त्या महिन्यांत सवलत दिली, तर घाटावरची अर्धी गर्दी पातळ होईल. आणि रामकुंडाच्या पायऱ्यांशी एक फलक हवा: आजचा ऑक्सिजन इतका, जिवाणू इतके, आज उतरा किंवा आज नुसतं पाणी डोळ्यांना लावा. धर्माला त्याचं वावडं असण्याचं कारण नाही. ज्या स्मृतीत पाण्यात थुंकू नये असं लिहिलं आहे, तिला जिवाणू मोजलेले चालायला हवेत.